आमगावच्या पत्त्यावरची मॅट्रिक

आमच्या भिलाईतल्या रुआबांधा वस्तीत रत्नमालेले सगळे रत्नादीदी म्हणतात. घरी बसून प्रायव्हेट परीक्षा देणाऱ्या पोरी अन् त्याइच्या माया सकाळपासून तिच्या ओसरीवर येऊन बसतात. कोणाले कोणता विषय घ्यावा समजत नाई, कोणाची शाळा लग्नापायी सुटली, कोणाची लहान्या भावाले सांभाळण्यापायी. रत्ना सगळ्याइचं ऐकून घेते अन् सांगते. मंग ह्याच बाया जाता जाता माह्या दारात थांबतात अन् म्हणतात, "भागीरथाबाई, रत्नादीदीचं बरं आहे बाप्पा. ना नवरा, ना सासू, आपली मजेत आहे." मले असा राग येते. मजेत आहे म्हणे. ही पोरगी फ्रॉक घालत होती तवापासून मी हिले पाहून राहिली. तिची मजा काय होती अन् कुठं गेली, ते मले पुसा. नाई पुसत तरी सांगते.

तिचे बाबा केवलरामभाऊ महाराष्ट्रातले, गोंदियाजवळच्या आमगावच्या पलीकडच्या गावचे. आमचे हे साकोलीकडचे. दोघंही धानाच्या बांधीतून उठून भिलाईले आले, तवा पोलादाच्या कारखान्याची धुराडी बी पुरी झाली नव्हती. दोघाइले कोकओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्याइवर, लावलं अन् क्वार्टर भेटले तेही शेजारी शेजारी, मधात एक भिंत. मी इकडून फोडणी दिली का तिकडून मैनाबाई पुसे, "आज काय वं, भागीरथा?" मैनाबाई म्हणजे रत्नाची माय. हसरी, बोलकी, कामाले वाघीण. तिच्यासारखी शेजारीण मले पुन्हा भेटली नाई.

आता आमच्या इकडं आलेल्या मराठी लोकाइची एक खोड सांगतल्याबिगर पुढचं समजणार नाई. भिलाईत आमी कोणी मन लावून घर मांडलंच नाई. लाकडी कपाट घ्याचं म्हटलं तं म्हणत, कशाले, रिटायर झाल्यावर गावाले कसं नेता. अंगणात आंब्याची कोय लावाची म्हटलं तं म्हणत, त्याचे आंबे खाले कोण राहते इथं. आमचे हे असेच, अन् केवलरामभाऊ तं सगळ्याइच्या वर. दिवाळीले क्वार्टर रंगवून राहिले तरी तोंड चालूच. "दुसऱ्याच्या घराले किती चुना लावाचा, भागीरथाबाई? अठ्ठावन्न पुरे झाले का आपण तिकडं." तिकडं म्हणजे गावाले. अर्धं आयुष्य माणूस एका जागी राहिला अन् रोज तिकडच्याच गोष्टी करे. मीही करत होती, खोटं कावून बोलू? पण माह्या घरच्या लेकराइचं त्यानं काही अडलं नाई. रत्नाचं अडलं.

रत्ना त्याइची एकुलती एक. शाळा हिंदी, कारण इथल्या आमच्या सगळ्या लेकराइची शाळा हिंदीच. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. पोरगी हुशार होती, अन् विज्ञानात तं वर्गात तिचा हात कोणी धरे नाई. ती आठवी पास झाली त्याच उन्हाळ्यात मैनाबाईचे सांधे धरले. पयले बोटं, मंग मनगटं, मंग गुडघे. बोटं अशी झाली जसे आल्याचे गड्डे. जुलैत शाळा उघडली तवा तिले उठून न्हाणीपर्यंत जाता येत नव्हतं. केवलरामभाऊची शिफ्ट दर हप्त्याले बदले. घरात दुसरं बाईमाणूस नाई. भाऊनं गावाले आपल्या धाकल्या भावाले, धोंडबाले निरोप पाठवला का कोणी बाई चार महिने येऊन राहील काय. तिकडून उत्तर आलं, धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत. मंग रत्नाच घरी राहिली. तिले कोणी 'शाळा सोड' म्हटलं नाई. शाळा उघडली अन् ती गेली नाई, एवढंच झालं.

मंग मैनाबाईले काही दिवस सेक्टर नऊच्या दवाखान्यात भरती केलं. तिथं केरळाची एक सिस्टर होती. दुखण्यातल्या माणसाले कुशीवर कसं फिरवाचं, पाठीले जखम होऊ नये म्हणून काय कराचं, नाडी कशी मोजाची, हे सगळं तिनं रत्नाले हौसेनं शिकवलं. घरी आल्यावर पोरगी मले म्हणे, "मावशी, मी सिस्टर होईन. बाबासारखी शिफ्ट असते त्याइले. बाबाची फर्स्ट शिफ्ट राहील तवा मी सेकंड घेईन. मंग मायजवळ कोणी न कोणी राहील." मी म्हटलं, हो माय, हो. हट्ट कराची सवय नव्हती तिले. जत्रेत कधी फुगा मागतला नाई त्या पोरीनं. एवढी एकच गोष्ट तिनं तोंडानं मागतली.

तिच्या शाळेत विज्ञान शिकवाले वसुंधरा मॅडम होत्या. नागपूरच्या, नवरा कारखान्यात अफसर. रत्ना वर्गात दिसत नाई म्हणून पुसत पुसत क्वार्टरवर आल्या. केवलरामभाऊ ड्यूटीवरून येऊन बसले होते. मॅडमनं मैनाबाईच्या खाटेजवळ स्टूल ओढला. मी चहा टाकला अन् तिथंच उभी राहिली, कारण असल्या गोष्टी भिंतीआडून नीट ऐकू येत नाईत.

"केवलरामजी, रत्नाला प्रायव्हेट बसवा," मॅडम म्हणाल्या. "घरी राहून अभ्यास करेल. फक्त एक लक्षात ठेवा. नववीतच गट निवडावा लागतो, आणि एकदा निवडला की अकरावीपर्यंत तोच राहतो. प्रायव्हेटच्या मुलींना सगळे कला घ्यायला लावतात, कारण विज्ञानाला प्रयोग लागतात आणि प्रयोग काही घरी होत नाहीत. ते माझ्यावर सोडा. मी मुख्याध्यापिकाबाईंशी बोलले आहे. रविवारी प्रयोगशाळा उघडून देणार आहेत त्या. तुम्ही रविवारी हिला पाठवा, बाकीचं मी इथे येऊन शिकवीन. हिला जीवशास्त्र घेऊ द्या. पुढे नर्सिंगला तेच विचारतात."

रत्ना सैपाकघराच्या दारात उभी होती, हाताले कणीक लागलेली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आजपर्यंत विसरली नाई. पोरगी खुश होती. नुसती खुश.

केवलरामभाऊनं हात जोडले. "तुमचे लय उपकार आहेत मॅडम. इचार करतो."

इचार केला तो असा का चार दिवसाची सुट्टी काढली अन् पॅसेंजरनं आमगावले गेले. परत आले ते मराठी पुस्तकाइचा गठ्ठा खांद्यावर घेऊन. गोंदियाले जाऊन महाराष्ट्र बोर्डाचा, बाहेरून बसणाऱ्याइचा फॉर्म भरून आले होते. पत्ता देल्ला धोंडबाच्या घरचा. रत्नमाला केवलराम, मुक्काम आमगाव तालुका. जशी काही पोरगी तिथंच गोठ्यात शेण काढून राहिली होती.

माह्या दारात येऊन मोठ्या आनंदानं सांगत होते. "इकडं अकरावीपर्यंत घासा लागते, भागीरथाबाई. तिकडं दहावीलेच मॅट्रिक. एक साल वाचलं. अन् मराठीतून. पोट्टी झोपेत बी हिंदी बोलून राहिली, उद्या तिकडं गेल्यावर लोक हासतीन. तिकडचा सोयरा हिंदी मार्कशीट पाहून काय करील?"

मी म्हटलं, "अन् सिस्टर व्हाचं म्हणते ते?"

"इथं सिस्टर होऊन कोणाले दाखवाचं? आपण इथं किती दिवस? अन् दवाखान्यात रातपाळी असते. एकुलती एक पोरगी रातपाळीले धाडू काय?"

"तुमी जाता न रातपाळीले."

"मी माणूस आहो," भाऊ म्हणे, अन् गठ्ठा घेऊन आत गेले.

वाईट असते तं मी त्याइले शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण ते वाईट नव्हते, हेच तं दुःख आहे. रातपाळी करून आला माणूस अन् बायकोचे कपडे स्वतः धुवे. आमच्या चाळीसभर क्वार्टरात बायकोचं लुगडं दोरीवर टाकणारा तोच एक. लोक हासत, तो टाकत राहे. पोरीले शिकवाले बी तयार, नाई तं त्या काळात आमच्यातल्या किती बापाइनं आठवीनंतर लग्नच लावून देल्लं. त्याइनं जे केलं ते पोरीच्या भल्याचं समजूनच केलं. नुसतं पोरगी कुठं राहून राहिली, ते त्याइनं पाह्यलं नाई.

रत्नानं एकदाच पुसलं. जेवण वाढता वाढता म्हणे, "बाबा, जीवशास्त्र?"

"आहे न. सामान्य विज्ञान आहे ह्याच्यात. पुस्तक आणलं तुह्यासाठी," भाऊ म्हणे अन् गठ्ठ्यातून काढून तिच्या हाती देल्लं. कोरं करकरीत पुस्तक. तिनं घेतलं अन् मांडणीवर ठेवलं.

पुढच्या रविवारी वसुंधरा मॅडम आल्या. एक एक पुस्तक उघडून पाह्यलं त्याइनं. मंग म्हणाल्या, "अहो, आठ वर्षं हिंदीतून शिकली ही. आणि दहावीनंतर काय? तिकडे बारावीला विज्ञान घ्यायचं तर कॉलेजात जावं लागेल. ते घरी बसून होणार नाही. म्हणजे कलाच. ही वाट इथेच बंद होते आहे, केवलरामजी." भाऊनं पुन्हा हात जोडले. त्याइच्या हात जोडण्यापुढं कोणाचं काय चालते? मॅडम रत्नाच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. वर्षभरानं त्याइच्या नवऱ्याची बदली बोकारोले झाली.

रत्ना अभ्यासाले बसली. रडत बसणाऱ्यातली नव्हतीच ती. तिले सगळं पुन्हा पयल्यापासून शिका लागलं, कारण तिच्या डोक्यात सगळे शब्द हिंदी. मले सांगे, "मावशी, हिंदीत ज्याले लवण म्हणत त्याले इथं क्षार म्हणून राहिले, अन् हिंदीतला क्षार म्हणजे भलतंच." मले काय समजते त्यातलं, मी भाजी निवडत 'हाव' म्हणे. ती मायच्या खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचे. मैनाबाई आडवी पडून ऐकत राहे. ऐकून ऐकून तिचं असं पाठ झालं का रत्ना इतिहासात अडली तं मायच पुढचं सांगे. एकदा भाऊ म्हणे, "तुहाही फॉर्म भरतो, मैना." तिघंही हासले. त्या घरातलं हसू मी भिंतीच्या इकडून ऐकलं, म्हणून सांगते, सगळंच रडगाणं नव्हतं.

परीक्षेले भाऊ तिले गोंदियाले घेऊन जात अन् मी मैनाबाईजवळ राहत होती. मॅट्रिकले फर्स्ट क्लास आला. भाऊनं पुऱ्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले, "तिकडची मॅट्रिक झाली पोरगी," म्हणून म्हणून. मंग बारावी, कला घेऊन. त्यातही चांगली पास झाली. पेढे पुन्हा वाटले. वाटले तं खरे, पण आता ह्या बारावीचं कराचं काय, ते पेढे देणाऱ्यालेही माहीत नव्हतं अन् खाणाऱ्यालेही नाई.

नर्सिंगच्या ट्रेनिंगची जाहिरात निघाली तवा रत्ना माह्या दारात आली. "मावशी, चालतेस काय रायपूरले? बाबाले सांगू नको." जीवशास्त्र नाई हे तिलेही माहीत होतं. पण माणसाले वाटते न, का समोर जाऊन उभं राहिलं तं काही रस्ता निघेल. मायजवळ ब्लॉकमधल्या एका बाईले बसवून आमी दोघी गेलो. खिडकीमागं एक म्हातारेसे बाबू होते, चांगले होते बिचारे, आमाले बसाले खुर्ची देल्ली.

"बायोलॉजी?" त्याइनं पुसलं.

"नहीं है।"

"हायर सेकंडरी तो मध्य प्रदेश की होगी?"

"महाराष्ट्र बोर्ड की बारहवीं है।"

बाबूनं कागद उलटून पाह्यला. "बेटी, पता तो आमगाँव का लिखा है। आप वहीं की हैं, तो वहीं भरिए।"

"हम भिलाई के हैं," रत्ना म्हणाली. "मैं पैदा यहीं हुई हूँ।"

"कागज़ में तो नहीं हुई," बाबू म्हणाले. हासून नाई म्हणाले, वाईट वाटूनच म्हणाले.

तिनं मंग नागपूरलेही पत्र टाकलं. तिथूनही विषय नाई म्हणून नाई आलं, अन् वर पुसलं का तुमचे वडील भिलाईत नोकरीले, तं तुमी इथल्या कशा? म्हणजे पाहा, इकडचे म्हणत तिकडची, तिकडचे म्हणत इकडची. अन् जो विषय पायजे तो दोन्हीकडं नव्हता.

रायपूरवरून येताना बसमध्ये मीच बडबडत होती. मी म्हटलं, आज तुह्या बापाले चांगल्या चार गोष्टी सुनवते का नाई पाहा. रत्ना खिडकीबाहेर पाहत होती. म्हणे, "नोको सांगू मावशी. ते ऐकतीन अन् पुन्हा आमगावले जातीन." मले हासू फुटलं. हासता हासता मंग मलेच रडू आलं, अन् त्या पोरीनं आपल्या पदरानं माहे डोळे पुसले. वीस वर्षाची होती ती.

घरी तिनं सांगतलं का मी असाच फॉर्म भरला होता, जागा भरून गेल्या. भाऊ म्हणे, "बरं झालं. आपल्याले कुठं राहाचं आहे इथं."

तुमी म्हणाल, पुन्हा नववीपासून कावून नाई बसली? म्हणाले काय जाते. तीन वर्षं पुन्हा. वसुंधरा मॅडम गेलेल्या, तिच्यासाठी रविवारी प्रयोगशाळा कोण उघडते? अन् तोवर मैनाबाई आपल्या आपण कुशीवरही होईना. रत्नानं तिले सोडून कुठं जावं?

ज्या सोयऱ्यापायी मराठीतून शिकवलं, तो सोयराही आला नाई. म्हणजे आले दोन-तीन, पोहे खाल्ले, पोरगी चांगली बोलते म्हणाले, आतल्या खाटेकडं पाह्यलं अन् गेले. मायचं कराले कोण आहे, हे सगळ्याइनं पुसलं. उत्तर सगळ्याइले दिसत होतं. एकानं तं निरोप धाडला का मुलगी चांगली आहे, पण भिलाईची आहे. केवलरामभाऊले ते वाक्य असं लागलं का दोन दिवस जेवले नाईत. "भिलाईची कशी? मॅट्रिक तिकडची आहे न?" मले पुसत.

मैनाबाई अकरा वर्षं खाटेवर होती. गेली तवा आंघोळ घालाले आमी चौघी बाया होतो. पालथी केली तं पाठीवर एक जखम नाई, एक डाग नाई. रत्ना दारात पाणी घेऊन उभी होती. मायच्या पाठीकडं पाहून म्हणाली, "मावशी, पाणी जास्त गरम तं नाई?" अन् मंग खाली बसली अन् अशी रडली का तिचं रडणं त्या दिवशी मी पयल्यांदा पाह्यलं.

दोन सालानं भाऊ रिटायर झाले. क्वार्टर सोडा लागणार होतं. भाऊनं इतक्या वर्षाचं मनात धरलेलं सामान बांधाले काढलं अन् आधी एकटेच गावाले गेले, घर झाडून-सारवून घेतो म्हणून. मोठ्या रुबाबात गेले. आठ दिवसानं आले. तीच पिशवी हाती, तीच धोतराची जोडी. आमी तोवर रुआबांध्यात दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या, तं भाऊ पयले माह्याकडंच आले. म्हणे, "भागीरथाबाई, तुमच्या बाजूले जागा आहे म्हणत होत्या न?"

मंग कळलं. धोंडबाच्या पोराइनं भाऊच्या वाट्याच्या जागेवर धानाची कोठी अन् एका सुनेची खोली काढली होती. भांडण नाई, तंटा नाई. धोंडबानं पाय धुवाले पाणी देल्लं, कोंबडा कापला, अन् जेवताना प्रेमानं म्हणे, "दादा, तुमी आता भिलाईचे. तुमाले इथं करमणार नाई गा." सगळ्या गावानं तेच म्हटलं. पोरं त्याइले 'भिलाईवाले आजोबा' म्हणून पाहाले येत.

ते आठ दिवस रत्ना माह्याच घरी राहून होती, ती चहा घेऊन आली. भाऊनं कप हाती घेतला नाई. तिच्याकडं पाहत म्हणे, "पोरी, मी तुले कोणत्या गावासाठी शिकवलं वं?" रत्नानं कप पुन्हा पुढं केला. तिच्याजवळ बोलाले किती होतं, मले माहीत आहे. मी असती तं सगळं बाहेर काढलं असतं. ती म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला, बाबा."

तवापासून बाप-लेक रुआबांध्यात, माह्या बाजूले. रत्नानं शिकवण्या धरल्या. पयले लहान लेकरं, मंग प्रायव्हेटच्या पोरी. आता गट अकरावीत घ्या लागते, नववीत नाई, एवढा फरक. पण बाप तेच आहेत. मारोतराव म्हणून एक आला होता, पोरीले, दुर्गाले, घेऊन. म्हणे, "दीदी, हिले गृहविज्ञान भरून द्या, सोपं राहते." रत्ना दुर्गाले पुसे, "तुले काय व्हाचं आहे?" तं हाच मधात बोले, "तिले काय समजते?" तीनदा असं झालं. आमची रत्ना, जिनं जन्मात आवाज चढवला नाई, तिनं पुस्तक मिटवलं अन् म्हणाली, "मंग तुमीच बसा परीक्षेले." मारोतरावचं तोंड पाहासारखं झालं. दुर्गानं गणित घेतलं. मी माह्या ओसरीवर बसून पोट धरून हासली. हासून झाल्यावर त्याइच्या उघड्या दारातून पाह्यलं तं आतल्या खाटेवर केवलरामभाऊ तोंड भिंतीकडं करून पडले होते. ते सगळं ऐकत. रोज येणाऱ्या एकूण एक पोरीले रत्ना तोच प्रश्न पुसे अन् तो माणूस रोज आतून ऐके.

मागच्या हिवाळ्यात भाऊचा दमा बिघडला. कोकओव्हनचा धूर इतक्या सालचा, तो कुठं जाते? सेक्टर नऊले भरती केलं. रत्ना तिथंच राहे, मी दुपारी डबा घेऊन जात होती. बापाचं तोंड धुणं, औषधाची वेळ, श्वास लागला का उशा लावून बसवणं, सगळं ती करे. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालेही पाणी पाजे.

एका दुपारी मी गेली तं भाऊ त्या बाजूच्या म्हाताऱ्याशी बोलून राहिले होते. दम लागत होता, तरी बोलत होते, हिंदीत. "ये मेरी लड़की है। यहीं सिस्टर है। बायोलॉजी से पढ़ी है।" तापात बोलत होते का शुद्धीत, ते मले आजही सांगता येत नाई. मले दिसत होतं ते एवढंच का त्या माणसाच्या तोंडावर असा आनंद होता, जसा पेढे वाटताना राहे.

तेवढ्यात एक तरुण सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. तिनं ऐकलं होतं. हासून रत्नाले पुसलं, "अच्छा दीदी, आप भी? कौन से वार्ड में? कभी देखा नहीं आपको।"

मी डबा हाती धरून तशीच उभी. भाऊ रत्नाकडं पाहत होते. डोळे मोठे करून पाहत होते, जसं लहान पोरगं काही फुटलं का मायकडं पाहते.

रत्नानं बापाची बाही वर सरकवली, इंजेक्शनसाठी दंड मोकळा केला. मंग म्हणाली, "मैं अभी छुट्टी पर हूँ, सिस्टर।"

भाऊनं डोळे मिटले. त्याइच्या डोळ्यातून पाणी कानाकडं गेलं अन् रत्ना ते पुसत राहिली.